दंडाची पेटी

मोठ्या माणसांच्या सभा कंटाळवाण्या असतात, अशी लहानपणी माझी ठाम समजूत होती. आमच्या शाळेत वर्षातून दोनतीन सभा भरत. अध्यक्षांना हार, पाहुण्यांना गुच्छ आणि श्रोत्यांना दोन तासांची मांडी, अशी त्या सभांतील वाटणी ठरलेली असे. म्हणून मी बारा वर्षांचा असताना मामा जेव्हा म्हणाले, "चल, आज आमच्या क्लबाच्या सभेला," तेव्हा माझा चेहरा पडला. पण मामांना नाही म्हणण्याची प्राज्ञा आमच्या घरात कोणाचीच नव्हती.

मामा शेलारला राहत. शेलार हे भिवंडीला अगदी लागून, वाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. मध्ये कामवारी नदी आणि अलीकडे-पलीकडे यंत्रमागांचा अखंड खडखडाट. त्या आवाजात ज्याला झोप येत नाही तो पाहुणा, आणि माग बंद पडताच ज्याला जाग येते तो खरा शेलारकर, असे मामा म्हणत. त्यांचे स्वतःचे दहाबारा माग होते. दिवसभर त्या गोंगाटात वावरल्यामुळे असेल, पण मामा फार थोडे बोलत आणि हसत तर त्याहूनही थोडे. असा मनुष्य ज्या सभेला एकही आठवडा न चुकता जातो, ती सभा किती रूक्ष असेल, याची कल्पना करीतच मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसलो.

तो रोटरी क्लब होता. भिवंडीतील एका शाळेच्या दिवाणखान्यात तीसएक मंडळी जमली होती. त्यांत सूत विकणारे होते, डॉक्टर होते, वकील होते, एक मुख्याध्यापक होते. अध्यक्षस्थानी एक डॉक्टरबाई होत्या. त्यांनी टेबलावरची पितळी घंटा वाजविली आणि मी मनाशी म्हटले, आता भाषण सुरू होणार! पण भाषणाऐवजी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेले एक जाडजूड गृहस्थ गरजले, "पाहुण्यांनी सभेच्या पहिल्याच मिनिटाला जांभई दिली आहे. दंड एक रुपया! आणि जांभई देणारा पाहुणा आणल्याबद्दल त्याच्या मामांना दोन!"

सारी सभा खदखदून हसली. मी शरमेने लाल झालो आणि मामांकडे पाहिले. मामा हसत होते! नुसते हसत नव्हते, तर हसताहसता डोळे पुसत होते. मामांचे इतके दात मी त्यापूर्वी कधीच पाहिले नव्हते.

ते जाडजूड गृहस्थ म्हणजे क्लबाचे 'सार्जंट'. सभेत शिस्त राखणे हे त्यांचे काम. आणि शिस्त राखण्याचे त्यांचे साधन म्हणजे एक पत्र्याची पेटी. पेटी त्यांनी माझ्या हाती दिली व म्हणाले, "तू आमचा शिपाई. दंड झाला की पेटी घेऊन धाव." मग काय विचारता! एकाने नवे बूट घातले होते, पण त्याची वर्दी सभेला दिली नव्हती. दंड दोन रुपये. एकाचा वर्तमानपत्रात फोटो आला होता; दंड पाच रुपये, आणि फोटोत तो स्वतःपेक्षा बरा दिसत असल्याबद्दल आणखी एक. एकाने आपला वाढदिवस लपविला होता. मुख्याध्यापकांनी कोणालातरी चुकून 'शेठ' म्हटले. येथे शेठ नाही, साहेब नाही, सारे भाऊ नि ताई, असा नियम होता. त्यांनाही दंड झाला. एरवी दुसऱ्यांना शिक्षा करणारे मुख्याध्यापक मुकाट्याने खिशात हात घालीत आहेत, हे दृश्य पाहून मला झालेला आनंद मी येथे लिहीत नाही. सुज्ञ बालवाचकांना तो कळेलच.

परतताना मात्र माझ्या मनात एक प्रश्न आला. ही एवढी मोठी माणसे आठवड्याच्या आठवड्याला जमतात ती केवळ हसण्यासाठी? सेवा करणारे म्हणवितात, आणि करतात काय, तर एकमेकांची थट्टा! मी तसे बोलूनही दाखविले. मामा पुलावर स्कूटर सावकाश चालवीत एवढेच म्हणाले, "रविवारी ये."

रविवारी पोलिओचा डोस होता. देशात पल्स पोलिओची मोहीम १९९५ साली सुरू झाली. ही गोष्ट त्यानंतर काही वर्षांची आहे. शेलारच्या एका आडोशाला टेबल मांडले होते. त्यावर बर्फाच्या पेटीत लसीच्या कुप्या होत्या. आरोग्यसेविकेने मला एक कुपी दाखविली. तिच्यावर एक रंगीत गोल छापलेला होता आणि गोलाच्या पोटात एक फिकट चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिकट आहे तोवर लस चांगली. उष्णतेने तो गोलाइतका काळवंडला की कुपी टाकून द्यावयाची. सभेतली मंडळी तेथे हजर होती. बूटवाले रांग लावीत होते. वाढदिवसवाले बर्फ आणीत होते. मामा वही लिहीत होते. माझे काम दोन थेंब घेतलेल्या बाळाच्या डाव्या करंगळीवर शाईची खूण करण्याचे.

परंतु खरे काम पुढील दिवसांचे होते. यंत्रमागांवर काम करण्यासाठी उत्तर प्रदेश आणि बिहारकडून कितीतरी कुटुंबे भिवंडीच्या परिसरात येतात. काम मिळेल तेथे खोली घेतात, काम संपले की दुसरीकडे जातात. अशा घरातील मूल कोणत्याच यादीत सापडत नाही. आणि पोलिओचे तर असे आहे की, एका डोसाने काम भागेलच याची शाश्वती नसते; डोस पुनःपुन्हा द्यावे लागतात, आणि सुटलेली मुले हाच त्या विषाणूचा आसरा असतो. म्हणून घरोघर जावयाचे. सर्व मुलांना थेंब मिळाले की दारावर खडूने 'पी' हे अक्षर लिहावयाचे. कोणी राहिले तर फुली मारावयाची आणि पुन्हा जावयाचे.

मंगळवारी शाळा सुटल्यावर मी मामांबरोबर अशाच एका फुलीच्या घरी गेलो. सार्जंटकाकाही बरोबर होते. त्यांना मी सभेत आणि टेबलापाशी बसलेलेच पाहिले होते. रिक्षातून ते उतरले तेव्हा प्रथमच मला दिसले की, त्यांच्या डाव्या पायाला मांडीपासून घोट्यापर्यंत लोखंडी पट्ट्या होत्या. पेटी फिरवायला ते मला का सांगत, हे त्या क्षणी माझ्या ध्यानात आले.

दार अर्धेच उघडले. आतली बाई म्हणाली, "पुन्हा? मागच्या महिन्यात झाले. आमच्याच मुलांना सारखे सारखे थेंब का? माणूस रातपाळी करून झोपला आहे. जा तुम्ही." तिच्या आवाजात राग होता, पण रागाहून भीती अधिक होती. परक्या गावात कोणी वारंवार येऊन आपल्या लेकराच्या तोंडात काही घालू लागला, तर कोणती आई भिणार नाही?

मामा समजावू लागले. दार आणखी मिटले. तेव्हा सार्जंटकाका हात जोडून तिच्याच बोलीत म्हणाले, "ताई, तुमचे खरे आहे. तीनदा दार वाजविले, झोपमोड केली. आमच्यात नियम आहे की, चूक झाली तर दंड भरावयाचा. बोला, माझा दंड किती?"

आत कोणीतरी हसले. एक म्हातारी पुढे आली. तिने काकांना नखशिखान्त न्याहाळले आणि म्हणाली, "दंड हाच की, ओट्यावर बसा आणि चहा प्या."

काका बसले. बसताना त्यांना पट्ट्यांची कळ काढावी लागली. पाय पुढे ताठ पसरला. दोन वर्षांचा एक पोर रांगत आला आणि त्या चकाकणाऱ्या लोखंडावर बोट फिरवून पाहू लागला. त्या आईने एकदा त्या पायाकडे पाहिले, एकदा आपल्या मुलाकडे पाहिले. काका काहीच बोलले नाहीत. ते चहा फुंकून पीत होते. थोड्या वेळाने ती आत गेली आणि पाळण्यातले धाकटे मूलही घेऊन आली. मी दोघांच्या करंगळ्यांवर खूण केली. मामांनी फुली पुसून 'पी' लिहिले.

पुढच्या सभेत डॉक्टरबाईंनी घंटा वाजविली व जाहीर केले, "सार्जंटांनी परक्या घरी एकट्याने चहा ढोसला. क्लबाला बोलाविले नाही. दंड दहा रुपये!" पुन्हा तोच हास्याचा लोट उठला. मी पेटी घेऊन धावलो. काकांनी दहाची नोट टाकली. ह्या वेळी मीही हसलो, पण माझे हसणे पहिल्यासारखे नव्हते.

पुढे मी ह्या क्लबाचा इतिहास वाचला, तेव्हा त्या पेटीचे मूळ मला सापडले. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी अमेरिकेतील शिकागो शहरात पॉल हॅरिस नावाचा वकील, एक कोळशाचा व्यापारी, एक खाणींचा अभियंता आणि एक शिंपी असे चौघे एकत्र बसले. हॅरिस लहान गावातून आलेला; महानगरात त्याला एकटे वाटे. आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत सभा फिरे, म्हणून 'रोटरी' हे नाव पडले. आरंभी तेथे वर्गणी नव्हती. सभेला न येणाऱ्यास अर्धा डॉलर दंड होई आणि त्यावर खर्च चाले. सभा रेंगाळू लागली की हॅरी रगल्स नावाचा मुद्रक सर्वांना गाणी म्हणावयास लावी. सेवेचा विचार नंतर आला, मैत्री आणि हसू आधी आले. मग त्याच मंडळींनी शहरात सार्वजनिक स्वच्छतागृह व्हावे म्हणून खटपट केली. भारतातील पहिला रोटरी क्लब कलकत्त्यास निघाला, मुंबईचा १९२९ साली. फार काळ केवळ पुरुषांच्या असलेल्या ह्या संस्थेचे दार १९८९ साली जगभर स्त्रियांना उघडले. नाहीतर आमच्या डॉक्टरबाई घंटा कशी वाजविणार? आणि जगातून पोलिओ घालविण्याचे काम रोटरीने १९८५ साली हाती घेतले.

ते काम किती लांबले पाहा! भारतातील पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमध्ये हावड्यास आढळला. २७ मार्च २०१४ रोजी आपला देश पोलिओमुक्त ठरला. सरकारी सेविका, डॉक्टर, शिक्षक आणि असंख्य स्वयंसेवक इतकी वर्षे तीच दारे पुनःपुन्हा वाजवीत राहिले. एकदा उत्साहाने धावणे सोपे असते. शंभराव्या वेळी तेच दार वाजविणे कठीण. त्यासाठी मनुष्याला परत परत यावेसे वाटले पाहिजे, आणि जेथे हसू असते तेथे माणसे परत येतात.

सभा दर आठवड्याला भरलीच पाहिजे, हा जुना नियम २०१६ साली सैल झाला, असे ऐकतो. असेल. पण मला अजून मामांचे माग आठवतात. उभा ताणा जागच्या जागी ताठ असतो. धोटा मात्र ह्या टोकाकडून त्या टोकाकडे धावतो आणि परत येतो. त्याच्या एका फेरीत विणला जातो एकच धागा. तो डोळ्यांत भरतही नाही. संध्याकाळी पाहावे, तर कापडाचा तागा तयार झालेला असतो. धोट्याचा खडखडाट ऐकून बाहेरच्याला वाटते, किती हा गोंगाट! आमच्या त्या सभेतल्या हसण्याविषयी मलाही एकदा तसेच वाटले होते. त्या चुकीचा दंड मी कोणत्या पेटीत भरावा?