तलवार म्यानात असताना

‘प्लेनस्केप: टॉर्मेंट’चा नायक पहिल्याच दृश्यात मेलेला असतो. सिगिल नावाच्या शहरातल्या शवागारात, एका ओट्यावर तो डोळे उघडतो. अंगभर जखमांचे व्रण, नाव आठवत नाही, मागचं काहीच आठवत नाही. शेजारी हवेत तरंगणारी एक कवटी तोंडाचा पट्टा सुरू करते. तिचं नाव मॉर्ट. नायकाच्या पाठीवर त्याने स्वतःसाठीच गोंदवून ठेवलेला निरोप ही मॉर्ट त्याला वाचून दाखवते. मरण त्याला लागत नाही. मेला की तो पुन्हा उठतो, पण मागची आठवण पुसून जाते. असे कितीतरी जन्म त्याने काढलेत आणि प्रत्येक जन्मात कुणाचं तरी भलं किंवा वाटोळं करून ठेवलंय. आता त्या सगळ्यांची देणी त्याच्या दारात उभी आहेत.

ब्लॅक आइल स्टुडिओजने हा गेम बनवला आणि इंटरप्लेने १९९९च्या डिसेंबरात तो बाजारात आणला, चार सीड्यांमध्ये. ख्रिस अव्हेलोन हा त्याचा मुख्य रचनाकार. आमच्या डोंबिवलीच्या घरी त्या सीड्या पोचल्या त्या मावसभावाच्या सॅकमधून, दिवाळीच्या सुट्टीत. हॉलच्या कोपऱ्यात लोखंडी टेबलावर संगणक होता, त्यावर आईने शिवलेलं कापडी आवरण असे, आणि कीबोर्डशेजारी बाबांचा जाडजूड इंग्रजी-मराठी शब्दकोश. तो शब्दकोश मी टॉर्मेंटसाठी जितका उघडला तितका शाळेसाठी कधी उघडला नसेल. त्या गेममध्ये आठ लाखांच्या आसपास शब्द आहेत असं सांगतात, आणि खेळताना ते खरं वाटतं. रस्त्यावर कुणाशी बोलायला गेलं की खालच्या चौकटीत मजकुराचा ओघ सुरू व्हायचा: माणसाचा चेहरा, हातांची चुळबुळ, आवाजातला कंप, सगळं लिहिलेलं. फराळाचं ताट शेजारी ठेवून मी ते वाचत बसायचो. फटाके बाहेर वाजत राहायचे.

त्या गेममधले दोन प्रसंग माझ्या मनात आजही कोरलेले आहेत, आणि दोन्हींत कुणी तलवार उपसत नाही. पहिला डायनाराचा. ती नायकावर प्रेम करणारी, त्याच्याच पायी जीव गमावलेली, आता भूत होऊन शवागारात थांबलेली. पुढे सिगिलमध्ये एक जागा लागते, तिथे माणसांचे अनुभव दगडांत साठवून ठेवलेले असतात. तिचा दगड हातात घेतला की तिची आर्तता आपण तिच्या आतून भोगतो. आणि मग कळतं, की त्याच क्षणी तिच्यासमोर उभा असलेला नायकाचा जुना जन्म तिच्याकडे निव्वळ एक उपयोगाची वस्तू म्हणून पाहत होता. प्रेम आणि हिशेब, दोन्ही एकाच वेळी, एकाच छातीत. मी माऊसवरचा हात काढून घेतला होता, ते आठवतं.

दुसरा प्रसंग डॅककॉनचा. हा वृद्ध योद्धा वचनाने नायकाशी बांधलेला आहे. त्याच्यापाशी दगडी कड्यांचं एक चक्र असतं. त्याची कडी फिरवली की त्याच्या पंथाच्या कथा एकेक करून उलगडतात. आपण शिष्य होऊन बसायचं, प्रत्येक कथेचा अर्थ सांगायचा, आणि अर्थ लागला तरच पुढचं कडं उघडायचं. हळूहळू शिष्य गुरूच्या पुढे जातो आणि डॅककॉनची श्रद्धाच किती डळमळीत आहे हे उघड होतं. ते चक्र मुळात त्याला बांधून घेण्यासाठी नायकाच्याच एका जुन्या जन्माने घडवलेलं होतं, हे कळतं तेव्हा पोटात खड्डा पडतो. कुठल्याही राक्षसाने मला त्या गेममध्ये इतकं हादरवलं नाही.

मावसभावाला, म्हणजे दादाला, हे सगळं कंटाळवाणं वाटे. तो ‘बाल्डर्स गेट’चा माणूस. कॅनडातल्या बायोवेअरचा, १९९८चा तो गेम आणि टॉर्मेंट एकाच इंजिनवर चालतात, पण दोघांचा जीव वेगळ्या ठिकाणी आहे. “नुसत्या गप्पा काय मारत बसतोस रे? हाणामारी कधी होणार?” असं म्हणत तो माझ्या पाठीशी उभा राहायचा. मग खुर्ची त्याच्याकडे जायची आणि मी स्टुलावर. त्याचं खेळणं पाहण्यासारखं असे, हे मनापासून सांगतो. स्पेसबार दाबून तो काळ थांबवायचा. सहाही जणांना कोण कुठे उभं राहणार, कोण बाण सोडणार, कोण झोपेचा मंत्र टाकणार हे नेमून द्यायचा, मग पुन्हा स्पेसबार. कोबोल्डांची टोळी जागच्या जागी कोसळली की आम्ही दोघं ओरडायचो आणि आतून मावशीचा आवाज यायचा. नॅशकेलच्या खाणीतून ते सहा जण रक्तबंबाळ होऊन बाहेर पडले तेव्हा मला त्यांच्याबद्दल जी माया वाटली, ती त्यांच्या तोंडच्या चार-दोन वाक्यांतून आलेली नव्हती. मिन्स्क आणि त्याचा लाडका बू नावाचा हॅम्स्टर आम्हाला प्रिय झाला, कारण पडायच्या बेतात असलेल्या आमच्या जादूगाराच्या पुढे तो येऊन उभा राहिला होता. सोबत संकट काढलेल्या माणसांचं नातं संवाद लिहून तयार होत नाही, हे दादाचं म्हणणं मला तेव्हाही पटत होतं.

म्हणजे लढाईमुळे कथा पातळ होते का, हा वाद आमच्या घरात एका खुर्चीवरून चालला होता. मोठे समीक्षकही तोच घालतात हे मला पुढे कळलं.

अशा गेम्समध्ये एवढी लढाई येते कुठून, याचं मूळ पाहिलं की बरंच काही उलगडतं. १९७४ साली अमेरिकेतल्या गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी या गेम्सचा पूर्वज असलेला ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला, तो टेबलावर छोटे सैनिक मांडून खेळायच्या युद्धखेळांतून निघालेला होता. साहजिकच नियमांचा मोठा भाग मारण्याबद्दल आणि वाचण्याबद्दल: घाव बसला का, किती बसला, चिलखताने किती अडवला. टेबलाभोवती बसलेली माणसं बाकीचं सगळं बोलून भागवत. संगणकाला मात्र बोलणं जमत नव्हतं, त्याला बेरीज-वजाबाकी जमत होती. म्हणून त्याने लढाई उचलली. वर आणखी एक अडचण. संवादाचं प्रत्येक वाक्य कुणातरी माणसाला लिहावं लागतं, आणि दहा वेगळी उत्तरं ठेवायची तर दहा वाटा लिहाव्या लागतात. लढाईचे नियम एकदा बसवले की त्याच राक्षसांच्या पन्नास टोळ्या वाटेवर पेरता येतात. तासांची भरती स्वस्तात होते. कथेला जे ग्रहण लागतं, ते या भरतीचं.

आजी बालगंधर्वांच्या नाटकांच्या आठवणी सांगायची. पद संपलं की प्रेक्षागृहातून ‘वन्स मोअर’ यायचा आणि तेच पद पुन्हा, मग पुन्हा. नाटकातली नायिका संकटात तशीच उभी आणि रात्र सरत चाललेली. पण त्याच नाटकात एखादं पद असं यायचं, की जे गद्यात सांगताच आलं नसतं. ते काढलं तर प्रवेशच कोसळला असता. गेममधल्या लढाईचं मला हेच वाटतं. पात्राला आता दुसरं काही शक्यच नाही अशा जागी ती यावी.

टॉर्मेंट माझा इतका लाडका, तरी त्याचा उत्तरार्ध मी या कसोटीवर सोडवू शकत नाही. सिगिल सुटतं, कर्स्ट नावाचं गाव येतं आणि तिथून पुढे, विशेषतः त्या गावाखालच्या तुरुंगात, शत्रूंचे लोंढेच्या लोंढे अंगावर येतात. कुणी कुणाचं काही लागत नाही. ज्या नायकाला मरणच नाही, त्याच्यासाठी या घावांना अर्थ तरी काय उरतो? आपण क्लिक करत राहतो आणि मघाशी डायनाराने जे पेटवलं होतं ते विझत जातं. वाईट याचं वाटतं, की रचनाकारांना हे उमगलेलं होतं. त्याच गेममध्ये मॉड्रॉन नावाच्या यंत्रासारख्या जीवांनी बांधलेला एक चक्रव्यूह आहे: सारख्या खोल्या, सारखे शत्रू. तळघरांतून लोक कशासाठी हिंडतात याचा अभ्यास करायला त्यांनी तो उभारलाय. आणि शेवटी, खुद्द ज्याच्याशी सामना आहे त्याला बोलून नमवता येतं, शस्त्राला हात न लावता. त्यासाठी सगळा गेमभर शहाणपण कमावलेलं असावं लागतं.

उलट बाजूचा माझा आवडता दाखला १९९७च्या ‘फॉलआउट’चा. अणुयुद्धानंतरचं कॅलिफोर्निया, भूमिगत तळघरातल्या लोकांचं पाणी शुद्ध करणारी चिप बिघडलेली, आणि ती शोधायला दीडशे दिवस. त्या प्रवासाच्या टोकाला ‘मास्टर’ भेटतो, माणसांपासून महाकाय उत्परिवर्ती वंश घडवून जग वाचवायला निघालेला. त्याच्यावर बंदुका रोखता येतात. किंवा ब्रदरहूड नावाच्या गटातल्या शास्त्रज्ञ बाईकडून मिळालेला पुरावा त्याच्यासमोर ठेवता येतो: तुझी प्रजा वांझ आहे, पुढची पिढी जन्मालाच येणार नाही. तो ते ऐकतो, समजतो, आणि स्वतःच सगळं संपवतो. त्या संभाषणात माझे तळहात घामेजले होते. खांद्यावरची बंदूक खरी होती, आदल्या वाळवंटात तिने काय केलं होतं ते मी पाहिलं होतं, म्हणून ती खाली ठेवून बोलण्याला किंमत आली. ज्या गेममध्ये लढताच येत नाही तिथे हा क्षण असा उतरला नसता.

कॉलेजच्या दिवसांत ‘व्हँपायर: द मास्करेड – ब्लडलाइन्स’ हाती आला. ट्रॉइका कंपनीचा हा गेम २००४च्या नोव्हेंबरात, ‘हाफ-लाइफ २’च्याच दिवशी प्रसिद्ध झाला आणि त्या गर्दीत चेंगरला. पुढच्या वर्षी कंपनीही मिटली. त्यात समुद्राकाठच्या एका ओसाड हॉटेलात एकटं जावं लागतं. दिवे फुटतात, भांडी अंगावर येतात, जुन्या खुनाच्या बातम्यांचे तुकडे सापडतात. त्या अख्ख्या हॉटेलात मारण्यासारखं कुणीही नाही. रात्री दोन वाजता दादा आणि मी शेजारी शेजारी बसून ते खेळलो आणि दादाने पहिल्यांदा हाणामारीची मागणी केली नाही. त्याच गेममध्ये पुढे गटारांचा न संपणारा पट्टा येतो, आणि तिथे मला कर्स्टचा तुरुंग आठवला. या गेममध्ये शत्रू मारण्याचे गुण मिळत नाहीत, काम पार पाडण्याचे मिळतात. किती योग्य विचार! तरी गटारं आलीच.

मग बऱ्याच वर्षांनी, २०१९ मध्ये, ‘डिस्को एलिसियम’ आला. मूळचे एस्टोनियातले लेखक-कलावंत, झेडए/यूएम हा त्यांचा गट, आणि रॉबर्ट कुर्विट्झ हा प्रमुख लेखक. पुन्हा एक स्मृती हरवलेला माणूस, या वेळी दारूने. पुन्हा एक जाग येणं. टॉर्मेंटचं ऋण त्यांनी मोकळेपणाने मान्य केलंय. यात लढाईची यंत्रणाच नाही. चोवीस गुण आहेत, ते नायकाच्या डोक्यात आपसात भांडतात, आणि दोन फासे. छताच्या पंख्याला अडकलेला टाय ओढतानासुद्धा नायकाचा जीव जाऊ शकतो. असे कितीतरी तास गेल्यावर, दारू प्यालेले भाडोत्री सैनिक बंदुका घेऊन चौकात उभे राहतात. सगळा प्रसंग शब्दांत आणि फाशांवर चालतो. मागे आपण काय शोधलं, कुणाचा विश्वास कमावला, त्याचे आकडे एकेका पर्यायापाशी दिसतात. किम कित्सुरागी, तो वहीत नीटनेटक्या नोंदी करणारा, दिवसाला एकच सिगारेट ओढणारा सहकारी, गोळी लागून पडू शकतो. मी खेळलो तेव्हा तो पडला. पंचवीस-तीस तासांत हातात आलेली ही एकुलती एक चकमक, आणि एकेका गोळीचा हिशेब मला द्यावा लागला. दादा एव्हाना मेलबर्नला राहत होता; त्याला फोन करून मी म्हटलं, “तुला हवी होती ती लढाई शेवटी मिळाली बघ.” त्याने तो गेम त्याच आठवड्यात घेतला.

२०२३मध्ये बेल्जियमच्या लॅरियनने ‘बाल्डर्स गेट ३’ आणला तो आम्ही इंटरनेटवरून एकत्र खेळलो. दादाची पहाट, माझी रात्र. लढाया दादाच्या वाट्याला, बोलणी माझ्या वाट्याला, अशी वाटणी आपोआप झाली. शापाच्या सावलीतल्या प्रदेशात थॉर्म कुटुंबातली एकेक भीषण माणसं भेटतात. एका पिठ्यात बसलेल्या थिसोबाल्डला त्याच्याच दारूच्या पेल्यांवर आणि गप्पांवर झुलवत संपवता येतं. मी तसं केलं. दादा हळहळला, त्याने छतापर्यंत सगळी मोर्चेबांधणी करून ठेवली होती. मग त्याने आधीचा सेव्ह उघडायला लावला, तीच लढाई त्याच्या पद्धतीने खेळली, आणि ती फार सुंदर झाली. एकेका झटापटीची जागा, उंची, पडझडीचं सामान माणसांनी हाताने मांडलेलं आहे, ते जाणवतं. भरतीच्या टोळ्या तिथे जवळजवळ नाहीत.

टॉर्मेंटची नवी आवृत्ती २०१७ पासून मिळते, आजच्या पडद्यांवर नीट चालते. यंदा भाचीने तो घ्यायचं ठरवलंय, म्हणून तिला सांगितलेलं इथेही लिहून ठेवतो. सुरुवातीला गुण वाटून घेताना ताकदीत टाकू नका, शहाणपणात आणि बुद्धीत टाका, नाहीतर निम्मा गेम तुमच्याशी बोलणारच नाही. शवागारातून घाईने बाहेर पडू नका. डॅककॉनचं चक्र पूर्ण उलगडा, मध्ये सोडू नका. डायनाराचा दगड दिवसा नको, रात्री घ्या. आणि कर्स्ट आलं की सेटिंगमध्ये जाऊन लढाईची काठिण्यपातळी बिनधास्त अगदी खाली आणा, तुरुंग भराभर ओलांडा. पुढे एक देवदूत भेटतो, त्याच्याशी बोलायला वेळ राखून ठेवा.