परसातला तेरडा

गौरीसाठी मुळांसकट तेरडा आणावयाचा. ती मुळे म्हणजेच गौरीची पावले, अशी आईची श्रद्धा. बेळगावात आमच्या घरामागील ओढ्याकाठी तो पावसाळ्यात आपोआप उगवे. पुढे तेथे घरे झाली आणि तेरडा गेला.

तेव्हा आजोळहून बी आणले. पिकलेले बोंड बोट लागताच फुटून बी उधळते. ते मुठीत धरूनच खुडावे लागते. पहिल्या वर्षी उन्हाच्या वाफ्यात पेरला. पावसाने आठ दिवस ओढ देताच रोपांनी माना टाकल्या. मग धुण्याच्या दगडाजवळ, सदा ओल्या सावलीत पेरला, गुडघ्यापर्यंत वाढला!

‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण मी वर्गात कितीदा शिकविली. पण गौरीचा मुक्कामही तीनच दिवसांचा, हे कधी ध्यानात आले नाही.

यंदा आई नाही. आवाहनाच्या दिवशी रोप उपटावयास वाकलो.

“मुळं तुटू देऊ नका हं,” मागून पत्नी म्हणाली. आईही हेच म्हणे.