भाकितांची वही

कोणास टपालाचीं तिकिटें जमविण्याचा नाद असतो, कोणास कबुतरें पाळण्याचा. आम्हांस नाद होता तो सातासमुद्रांपलीकडील बास्केटबॉलपटू पुढील वर्षीं कोणत्या संघाकडून खेळतील याचें भाकीत करण्याचा. या नादापायीं आमचा गणिताचा गृहपाठ किती वेळां राहिला हें आमच्या गुरुजनांस ठाऊक आहेच. तें दुःख येथें उगाळीत नाहीं.

अमेरिकेंतील एन.बी.ए. या व्यावसायिक स्पर्धेंत खेळाडूचा करार संपला म्हणजे तो मोकळा होतो, व ज्या संघाशीं पटेल त्याच्याशीं नवा करार करतो. ही मोकळीक खेळाडूंस सुखासुखीं मिळालेली नाहीं. ऑस्कर रॉबर्टसन याच्या नांवानें त्यांनीं १९७० सालीं फिर्याद गुदरली. ती १९७६ सालीं तडजोडीनें मिटली. तरीहि जुन्या संघाचा पाश पुरता सुटावयास १९८८ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं टॉम चेंबर्स हा सिएटल सोडून फिनिक्सला गेला. पूर्णपणें मोकळा झालेला असा तो पहिलाच. तेव्हांपासून उन्हाळा आला कीं तिकडील वृत्तपत्रें भाकितांनीं भरून जातात.

वरवर पाहतां हें गणित सोपें दिसतें. संघाच्या एकूण पगारास मर्यादा असते, व बाहेरचा मोठा खेळाडू विकत घ्यावयाचा तर त्या मर्यादेखालीं जागा लागते. ज्याच्यापाशीं जागा नाहीं तो संघ वहींतून खोडावा. एकट्या खेळाडूच्या पगारासहि मर्यादा आहेच. शिवाय जुना संघ पांच वर्षांचा करार देऊं शकतो, परका चारच वर्षांचा, व वार्षिक वाढहि जुन्याचीच अधिक. म्हणजे केवळ पैशाकडे पाहिलें तर शहाण्या मनुष्यानें आहे तेथेंच राहावें!

पण शहाणे राहत नाहींत. २०१० सालीं लेब्रॉन जेम्स न्यूयॉर्कला जाईल, शिकागोला जाईल, अशी आवई होती. ८ जुलैस त्यानें दूरचित्रवाणीवर मायामीचें नांव घेतलें, आणि त्याच्या क्लीव्हलंड गांवीं लोकांनीं त्याच्या नांवाचे सदरे जाळले. चार वर्षांनीं तो त्याच क्लीव्हलंडला परतला, व २०१६ सालीं त्यानें गांवास विजेतेपद मिळवून दिलें. त्याच उन्हाळ्यांत केव्हिन ड्युरँट गोल्डन स्टेटला गेला. तेथें मात्र गणित कामीं येण्यासारखें होतें: दूरचित्रवाणीच्या नव्या करारामुळें पगाराची मर्यादा एका वर्षांत ७ कोटी डॉलरवरून ९ कोटी ४१ लाखांवर गेली, आणि त्या हंगामांत ७३ सामने जिंकलेल्या संघापाशींहि अकस्मात् जागा निघाली.

आम्हांस सर्वांत आवडते ती डीआंद्रे जॉर्डन याची कथा. जुलैच्या पहिल्या कांहीं दिवसांत तोंडी बोलणें करतां येतें, सही करतां येत नाहीं. २०१५ सालीं या मधल्या दिवसांत त्यानें डॅलसला शब्द दिला. मग त्याचें मन फिरलें. हें कळतांच क्लिपर्स या जुन्या संघांतील सोबती ह्यूस्टनला त्याच्या घरीं जाऊन बसले, ते मध्यरात्र उलटून सही होईपर्यंत हलले नाहींत. डॅलसवाले हात चोळीत राहिले. शब्द मोडणें वाईटच. पण घरीं येऊन बसलेल्या मित्रांस उठा म्हणणें तरी कोणास साधतें?

२०१९ सालीं आम्ही नववींत होतों. कवाय लेनर्ड यानें जूनमध्यें टोरांटोस विजेतेपद मिळवून दिलें होतें, व आतां तो मोकळा होता. आमच्या वहींत प्रत्येक खेळाडूस एक पान आणि पानावर चार रकाने: पैसा, संघाची ताकद, हवा, घर. लेनर्डचें घर दक्षिण कॅलिफोर्नियांत. तेथील लेकर्स संघांत लेब्रॉन होताच, अँथनी डेव्हिसहि येत होता. आम्हीं 'लेकर्स' असें लिहून खालीं दोन रेघा ओढल्या.

त्याच आठवड्यांत आमच्या वडिलांस पुण्याच्या एका कारखान्यांतून बोलावणें आलें होतें. यंत्रदुरुस्तीचेंच काम, पण पगार बराच अधिक. आम्हीं त्यांच्याहि नांवानें एक पान केलें. पैसा: पुणें. ताकद: पुणें. हवा: पुणें. घर: भाड्याचें मिळेल. इतका निःसंशय निकाल क्वचितच लागतो. आम्हीं शाळेच्या संघनायकास यंदा आपणांस मोजूं नये असें कळविलें, आणि सायकल मावसभावास देऊनहि टाकली.

६ जुलैचा शनिवार. अर्धी शाळा आटोपून घरीं येतों तों बातमी: लेनर्ड लेकर्सकडे नाहीं, टोरांटोकडेहि नाहीं, तो क्लिपर्सकडे गेला. शहर बरोबर, संघ चुकला! दोन्ही संघ तेव्हां एकाच क्रीडागृहांत खेळत. त्याला पॉल जॉर्ज हा सोबती हवा होता, आणि त्यासाठीं क्लिपर्सनीं ओक्लाहोमा सिटीस नवोदित खेळाडू निवडण्याचे पहिल्या फेरीचे पांच हक्क व शे गिल्जस-अलेक्झांडर हा तरुण खेळाडू देऊन टाकला. कोणाच्या शेजारीं खेळावें, हा रकानाच आमच्या वहींत नव्हता. (ओक्लाहोमा सिटी त्या व्यवहारांत फसली असें आम्हीं तेव्हां ठणकावून सांगितलें होतें. २०२५ सालीं शे हा सर्वोत्तम खेळाडू ठरला व ओक्लाहोमा सिटीनें विजेतेपद जिंकलें.)

संध्याकाळीं बाबांनीं आईस सांगितलें कीं पुण्यास नकार कळविला. आम्ही थक्क झालों. कारण विचारलें.

"आजीला आतां किती दिसतें, ठाऊक आहे ना तुला?" बाबा म्हणाले. "या घरांत ती भिंतीला हात लावून चुलीपासून तुळशीपर्यंत एकटी जाते. नव्या घरांत तिला ओट्यावरून उठतां यायचें नाहीं."

आजी तेव्हां अंगणांतच होती. तांब्या घेऊन आली, उंबऱ्यापाशीं न चाचपडतां पाय उचलला, आणि आंत गेली. हें आम्ही रोज पाहत होतों.

मग बाबांनीं हात पुढें केला. "आई सांगत होती, माझेंहि पान आहे म्हणे. बघूं."

वही देण्यावांचून गत्यंतर नव्हतें. त्यांनीं पान उघडलें, चारहि रकाने वाचले, चौथा पुन्हां वाचला. आम्ही जमिनीकडे पाहत उभे. रागावतील असें वाटलें होतें. तें भाकीतहि चुकलें.

"पगाराचा आकडा चुकला आहे तुझा," एवढेंच म्हणून त्यांनीं पेन्सिल मागितली, आमचा आकडा खोडून खालीं खरा आकडा लिहिला, व वही परत दिली. तो आमच्या आकड्याहून नऊ हजारांनीं मोठा होता.