पहिली कोण?

आपल्या नगरला समुद्र नाही. सीना नदी आहे, पण तिला पाणी कधी असतं ते विचारू नका! नगर आणि फौज म्हटलं की डोळ्यासमोर रणगाडाच येतो. आर्मर्ड कोअरचं केंद्र इथलं, रणगाड्यांचं म्युझियमही इथलंच. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, तरी ही ओळख काही बदलली नाही. नौदलाचं आणि आपलं मात्र कधी जमलंच नाही. म्हणून माझ्या हॉस्टेलच्या टेबलासमोर चिकटवलेला फोटो बघून प्रत्येक मैत्रीण हमखास विचारते, "ही कोण गं? तुझी आजी का?"

आजी नाही. ती सेकंड ऑफिसर कल्याणी सेन. फोटो ३ जून १९४५ चा, स्कॉटलंडमधल्या रोसाइथ इथल्या नौदलाच्या गोदीत काढलेला. मूळ प्रत लंडनच्या इम्पिरिअल वॉर म्युझियमकडे आहे. शेजारी गणवेशात तिच्या वरिष्ठ, चीफ ऑफिसर मार्गारेट कूपर. आणि कल्याणी सेन चक्क साडीत! ब्रिटनला गेलेली ही पहिली भारतीय लष्करी सेवेतली स्त्री. ब्रिटिश नौदलातल्या मुलींना प्रशिक्षण कसं देतात, त्यांचा कारभार कसा चालतो, हे बघायला ती दोन महिन्यांच्या दौऱ्यावर गेली होती.

थोडा इतिहास सांगते (माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, सांभाळून घ्या). दुसऱ्या महायुद्धात माणसं कमी पडायला लागली तेव्हा १९४२ मध्ये 'विमेन्स ऑक्झिलरी कोअर, इंडिया' हे दल उभं राहिलं. ऐन भरात असताना त्यात सुमारे ११,५०० स्त्रिया होत्या. त्याचीच नौदलातली शाखा म्हणजे 'विमेन्स रॉयल इंडियन नेव्हल सर्व्हिस'. या मुली जहाजावर जात नसत. त्यांचं काम किनाऱ्यावरचं : कचेरी, संदेशवहन, टेलिप्रिंटर, सांकेतिक संदेश. म्हणजे आमच्या ई अँड टीसीचाच सिलॅबस म्हणा ना! रेडिओवरून पाठवलेला संदेश मित्रालाही ऐकू येतो आणि शत्रूलाही. म्हणून तो सांकेतिक भाषेत पाठवायचा आणि पलीकडे उलगडायचा. हल्ली हे सॉफ्टवेअर करतं. तेव्हा माणूस बसून करायचा, एकेक अक्षर तपासत. आमच्या प्रॅक्टिकलला आउटपुट चुकलं तर सर फार तर रिपीट करायला लावतात. तिथे चूक झाली तर समुद्रावरच्या माणसांच्या जिवाशी गाठ.

त्या दौऱ्यात कल्याणी सेन जे म्हणाल्या त्याचा अर्थ असा, की मुलींनी पुरुषांबरोबर काम करणं भारतात अजून लोकांना रुचत नाही, पण सेवेत यायची मुलींनाच इतकी ओढ आहे की ही भिंत त्या स्वतःच पाडताहेत. ही १९४५ ची गोष्ट आहे!

आता प्रश्न असा, की हे आपल्याला शाळेत कुणी का शिकवलं नाही?

मला एक कारण वाटतं. ऑगस्ट १९४२ मध्ये नेहरू, पटेल, मौलाना आझाद यांना इंग्रजांनी आपल्या नगरच्या किल्ल्यात आणून कोंडलं. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' इथेच लिहिलं. आणि त्याच काळात या मुली इंग्रजांच्या नौदलात काम करत होत्या. आझाद हिंद सेनेच्या राणी झाशी रेजिमेंटची आठवण आपण ठेवली, ठेवायलाच हवी. पण या मुलींचं काय करायचं ते स्वतंत्र भारताला कळलं नसावं. देशभक्त म्हणावं तर गणवेश परक्याचा, आणि परकं म्हणावं तर पोरी आपल्याच. मग सोपा मार्ग : विसरून जा.

युद्ध संपलं आणि दल मोडलं. डॉक्टर आणि नर्स सोडल्या, तर भारतीय नौदलानं महिला अधिकारी घेतल्या त्या थेट १९९२ मध्ये. मधली चाळीसहून अधिक वर्षं दार बंद! पुढे कायमस्वरूपी कमिशनसाठी सुप्रीम कोर्टात जावं लागलं, निकाल लागला १७ मार्च २०२० ला. २०२३ मध्ये लेफ्टनंट कमांडर प्रेरणा देवस्थळी युद्धनौकेचं नेतृत्व करणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या, आयएनएस त्रिंकटवर. मराठी मुलगी, शिक्षण मुंबईत, तेही कॉन्व्हेंटमध्ये! बातमी वाचून मी खोलीत अक्षरशः उडी मारली होती.

हे सगळं मी शोधलं ते एका वाक्यामुळे. फायनल इयरला नौदलाचा फॉर्म भरणार असं दिवाळीत घरी सांगितलं. पप्पा म्हणाले, "अगं, आधी पोहायला तर शीक." आज्जी मात्र गंभीर झाली. म्हणाली, "आपल्यातलं आजवर कोण गेलंय का?" त्यावर मला बोलता आलं नाही. आता येतं. पप्पांचा होकार अजून आलेला नाही, नकारही नाही. पोहण्याचा क्लास मात्र त्यांनीच लावून दिलाय.

मित्रांनो, आपल्याला 'पहिली मुलगी' या शब्दांचं फार कौतुक. पण पहिलीच्या आधीही कुणीतरी असते आणि तिचं नाव पुसलं की पुढच्या मुलीला पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागते. उघडलेलं दार आपोआप उघडं राहत नाही. त्यातून कुणीतरी सतत ये-जा करावी लागते. आपल्या वर्कशॉपमध्ये, मेकॅनिकलच्या वर्गात, रोबोटिक्सच्या टीममध्ये आपल्याआधी कोणत्या मुली होत्या, हे एकदा सिनिअर्सना, लॅबमधल्या मामांना विचारून बघा. नावं लिहून ठेवा. पुढच्या वर्षी हॉस्टेलला येणाऱ्या एखादीला ती नक्की लागतील.