घर्षण नाही असे समजा

विज्ञान शाखा सोडून मी कला शाखेत आलो, त्याला दोन वर्षे झाली. भौतिकशास्त्रातले बहुतेक सारे विसरलो. एक वाक्य मात्र मनात रुतून बसले आहे. उतारावरचे कोणतेही उदाहरण घ्या, आरंभी ते असायचेच : घर्षण नाही असे समजा. ते वाचले की मला सेमिनरी हिल्सचा उतार आठवे.

लहानपणी रविवारी सकाळी बाबा मला सायकलच्या दांडीवर बसवून तिकडे नेत. चढ लागला की ते उतरत आणि मला तसेच बसवून सायकल ढकलीत. सदरा घामाने चिंब होई. वर पोहोचल्यावर झाडाखाली घटकाभर टेकत आणि मग फुटाळा तलावाकडच्या उतारावर सायकल सोडून देत. पायडल स्थिर, कानांत वारा! मला वाटे, हा वेग फुकटच मिळतो.

तो फुकट नसतो, हे पुढे पुस्तकात कळले. वर चढताना केलेले श्रम स्थितिज ऊर्जा होऊन साठतात आणि उतरताना तीच गतिज ऊर्जेचे रूप घेते. घर्षण नसेल तर दोहोंची बेरीज बदलत नाही. दहा मीटर उंचीवरून घसरत आलेली वस्तू पायथ्याशी सेकंदाला १४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ५० किलोमीटर वेगाने पोहोचते. या हिशेबात वजन येतच नाही. शेठजी आणि हमाल यांचा वेग सारखाच! गॅलिलिओने तर १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात याहून पुढचा विचार मांडला. एका उतारावरून सुटलेला गोळा समोरच्या चढावर तेवढीच उंची गाठू पाहतो. तो चढ कमी करत करत सपाट केला, तर गोळ्याला थांबायला कारणच उरत नाही.

पण घरे अशी सपाट नसतात. मी विज्ञान सोडले तेव्हा बाबा रागावले नाहीत. बोलणे मात्र कमी झाले. ज्या उंचीवर त्यांनी मला घाम गाळून चढवले होते, तिथून मी खाली आलो, असे त्यांना वाटले असावे. मलाही तसेच वाटे.

गेल्या दिवाळीत मी त्यांना म्हटले, "चला, सेमिनरी हिल्सला जाऊ." त्यांचे गुडघे आता दुखतात. ते मागे कॅरिअरवर बसले. चढावर मी उतरलो. तेही उतरू लागले, पण मी उतरू दिले नाही. ढकलताना एके ठिकाणी बारीक खडीवरून चप्पल सरकली आणि ध्यानात आले, घर्षण खरेच नसते तर हा चढ कोणालाच चढता आला नसता. ज्याला आपण अडथळा म्हणतो, त्याच्याच आधाराने पाऊल पुढे पडते.

वर पोहोचल्यावर बाबा म्हणाले, "आता ब्रेक लावजो बरं, मागे म्हातारा बसला आहे."

मी ब्रेक दाबत दाबतच उतरलो. तलावाशी थांबून रबराला बोट लावले, तर ते गरम! गमावलेली उंची नाहीशी झाली नव्हती. उष्णता होऊन तिथेच होती.

पाण्याकडे पाहत बाबांनी विचारले, "काय रे पोट्ट्या, त्या कला शाखेत शिकवतात तरी काय?"

मी सांगत राहिलो, घर येईपर्यंत.