पिवळा नको, तो गॅसचा रंग

भिलाईत कंपनीच्या क्वार्टरांत वाढलेल्या आम्हा मुलांना दाराचा रंग निवडायचा असतो हेच ठाऊक नव्हतं. रंगाला ठेकेदाराची माणसं यायची, अख्ख्या रांगेला एकच रंग फासायची आणि पुढच्या रांगेकडे वळायची. घर ओळखायचं ते नंबरावरून. आमचे आईबाबा अमरावती, वर्धा, नागपूरकडून इथे आले ते पोलादाच्या ओढीने. 1955 साली सोव्हिएत संघाशी करार झाला, 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. पुढे कित्येक वर्षं या माणसांनी संसार, बाळंतपणं, गणपती, हळदीकुंकू, सगळं कंपनीच्या दाराआड केलं. निवृत्त झालं की क्वार्टर सोडायचं, ही टोचणी मात्र पहिल्या दिवसापासून मनात असायची.

मग हुडको आलं. घरबांधणीला कर्ज देणारी ही दिल्लीची सरकारी संस्था 1970 सालची. औरंगाबादला जशी तिच्या नावाची वसाहत झाली तशीच भिलाईतही. पत्त्यात आमदी नगर लिहायचं, तोंडी मात्र हुडकोच. घरं लहान होती, भिंती एकीला एक लागून होत्या, पण दार आपलं होतं. ऐंशीच्या दशकात तिथे राहायला गेलेल्या आमच्यासारख्या मराठी घरांत पहिला मोठा वाद झाला तो या दाराच्या रंगावरून.

दुकानातून शेडकार्ड यायचं. घडी घातलेला तो जाड कागद जेवण झाल्यावर सतरंजीवर उघडला जायचा आणि आम्ही मुलं नावं वाचायचो: फिरोजी, ऑक्सफर्ड ब्लू, गोल्डन ब्राऊन, स्मोक ग्रे, पोस्ट ऑफिस रेड. ऑइलपेंटमध्ये तेव्हा मोजक्याच छटा मिळायच्या, त्यामुळे प्रत्येकीचा नीट विचार व्हायचा. मला पिवळा हवा होता. बाबांनी मान हलवली. ‘पिवळा नको. तो गॅसचा रंग.’

ते थट्टा करत नव्हते. कारखान्यात नळांचे रंग ठरलेले असतात: पाण्याला समुद्री हिरवा, हवेला आकाशी, वाफेला रुपेरी, तेलाला फिकट तपकिरी, आम्लाला गडद जांभळा आणि गॅसला पिवळा. झोतभट्टीच्या गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना रंग, ना वास. माणसाला सावध करतो तो नळावरचा पिवळा. ज्याने उभी नोकरी त्या रंगापासून जपून चालत काढली, त्याने घरी परतताना तोच समोर का पाहावा? हुडकोतल्या आणखीही घरांत या कारणाने पिवळा बाद झाला, हे पुढे मैत्रिणींशी बोलताना कळलं. आमच्या वडिलांच्या पिढीने कामाचं भय कधी बोलून दाखवलं नाही. ते असं शेडकार्डावर बोट ठेवताना दिसायचं.

बाबांचं मत चॉकलेटीकडे होतं, मळखाऊ म्हणून. आईचा हिशेब तोरणाचा होता. हिरव्या दारावर आंब्याची पानं दिसतच नाहीत, चॉकलेटीवर काळवंडतात. फिरोजीवर झेंडू पेटून उठतो, असं तिचं म्हणणं. शेजारच्या तेलुगू काकूंचंही असंच होतं. त्या उंबरठ्याला हळद लावून वर कुंकवाचे ठिपके द्यायच्या. त्या पिवळ्या-लालाला साजेल म्हणून त्यांनी हिरवं दार केलं. बायका रंग नुसता पाहत नव्हत्या. वर्षभराचे सण मनातल्या मनात त्या दारावर लावून पाहत होत्या.

निकाल लागला तो रंगाऱ्याच्या शब्दाने. तो जवळच्याच गावचा. तिथे दिवाळीआधी भिंती छुहीने, म्हणजे पांढऱ्या मातीने सारवतात आणि तीत नीळ मिसळतात. दार पश्चिमेला आहे, मे महिन्यात दुपारपासून ऊन अंगावर घेईल, गडद रंग तापला की लाकूड सुकून आकसेल आणि रंग तडकेल, असं त्याने बाबांना समजावलं. मग प्रायमर मारलेल्या फळीवर त्याने फिरोजी आणि चॉकलेटीचे हातभर पट्टे मारले आणि सांगितलं, ‘सुबह, दोपहर, साँझ, तीनों टेम देखो।’ दाराचा रंग निवडण्याची याहून चांगली रीत मला आजवर कोणी दाखवलेली नाही. कार्डावरचा चौकोन दुकानाच्या ट्यूबलाइटखाली पाहिलेला असतो. दार उन्हात उभं असतं. बाबा फर्स्ट शिफ्ट करून दुपारी परतले तेव्हा चॉकलेटी पट्ट्याला हात लावून थांबले. फिरोजी ठरला.

लांबी भरली, पॉलिश पेपर फिरवला, दोन हात झाले. चौकट आणि फाटक लोखंडी, त्यांना आधी रेडऑक्साइड. ते म्हणजे लोहाचंच ऑक्साइड. कारखान्यात मालगाड्यांतून येणारं दल्लीराजहऱ्याच्या खाणींचं तांबडं खनिज मुळात तेच. उन्हाने न विटणारा असा रंग दुसरा क्वचितच. बाबांनी तो थर स्वतः मारला, कोणाला हात लावू दिला नाही.

पुढे पावसाळ्यात हरेली आली. छत्तीसगडात त्या दिवशी दारावर कडुनिंबाची डहाळी खोचतात आणि लोहार चौकटीला खिळा ठोकतो. आमच्याकडे तीच दिव्यांची अवस. नव्या रंगाला खिळा लागणार म्हणून आम्ही मुलं कुरकुरलो, पण चौकटीच्या कडेला, भिंतीत का होईना, आईने तो ठोकून घेतला. आत पाटावर समया, निरांजनं घासूनपुसून मांडली होती, बाहेर खिळा आणि कडुनिंब. परमुलखात घर करायचं म्हणजे काय, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

आता हुडकोत बरीच घरं वाढली, लाकडी दारांपुढे लोखंडी सेफ्टी डोअर आली, दुकानात यंत्र हवी ती छटा मिसळून देतं. जुन्या पिवळ्या-नारिंगी ऑइलपेंटांत शिशाचं क्रोमेट असायचं. नोव्हेंबर 2017 पासून घरगुती रंगात दहा लाख भागांत 90 हून जास्त शिसं चालत नाही. त्याआधीच्या कुठल्याच रंगाचा भरवसा नाही, म्हणून आमचं दार यंदा खरवडायला काढलं तेव्हा भावाने कोरडं घासू दिलं नाही. पाणी मारून, ओल्या पेपरने घासून घेतलं. त्याला करडा रंग हवा आहे. आईने विरोध केला नाही, फक्त पट्टे मारायला लावले. तीन मारले आहेत. पहिला करडा संध्याकाळच्या उन्हात जांभळट दिसतो, म्हणून तो कालच बाद झाला.