एक जूनची मुले

आपल्या महाराष्ट्रात १ जून या एका दिवशी असंख्य माणसे जन्माला आली आहेत, निदान कागदावर तरी. ३१ मे रोजी शाळांतून आणि सरकारी कचेऱ्यांतून निवृत्त होणाऱ्यांची संख्या पाहिली, की याचा प्रत्यय येतो. कारण सर्वश्रुत आहे. शाळा जूनमध्ये भरे. मुलाला दाखल करायला आलेल्या बापाला जन्मतारीख सांगता येत नसे. मग गुरुजी मुलाला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगत. कानाला बोटे लागली, की मूल शाळेच्या वयाचे झाले असे समजून दाखल्यावर १ जून लिहीत. त्या गुरुजींना बोल लावण्याचे कारण नाही. त्यांच्या या ठोकताळ्यामुळेच कित्येकांना शाळेचे दार उघडले.

धर्मगुरू या नात्याने जन्मतारखांशी माझा नित्याचा संबंध येतो. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत जन्माचा दिवस आणि बाप्तिस्म्याचा दिवस शेजारी शेजारी लिहिलेले असतात. दाखला मागायला कोणी आले, की वही काढायची, तारीख उतरवायची आणि सही-शिक्का करायचा. या तारखेच्या आधाराने एखाद्या मुलाचे भवितव्य ठरू शकते, याची खरी जाणीव मला गडचिरोलीच्या जंगलात झाली.

धर्मग्रामातील तरुणांना घेऊन मी हेमलकशाला गेलो होतो. बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी तेथे लोकबिरादरी प्रकल्पाचा आरंभ केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी माडिया गोंडांमध्ये उभे आयुष्य वेचले. १९७६ साली तेथे शाळा सुरू झाली आणि जंगलातल्या त्या शाळेतून पुढे डॉक्टर, वकील, शिक्षक घडले. हे सारे आपल्या वाचकांच्या परिचयाचे आहे. मला सांगायचे आहे ते वाटेवरच्या एका लहानशा आश्रमशाळेविषयी.

तेथे शालेय स्पर्धांसाठी चौदा वर्षांखालील धावपटूंची निवड चालली होती. अखेरच्या फेरीत दोन मुले उरली. एक उंचापुरा, ओठांवर मिसरूड फुटू लागलेला. दुसरा त्याच्या छातीपर्यंत येणारा, अनवाणी. उंच मुलगा दहा पावलांनी पुढे राहिला. आमचे तरुण एकमुखाने म्हणाले, "हाच पुढे नाव काढणार!" गुरुजी मात्र हसले नाहीत. "फादर, तो दुसऱ्यापेक्षा दीड-दोन वर्षांनी मोठा असावा," ते हळूच म्हणाले. "पण दाखल्यावर दोघांचीही तारीख एकच, १ जून. सालही तेच. आणि माझ्याकडे जागा एकच आहे."

या कोड्याचा काही उलगडा फार दूरच्या एका देशात झालेला आहे. कॅनडात बर्फावरची हॉकी हा घराघरांतला खेळ. मुलांचे वयोगट १ जानेवारी ही तारीख धरून पाडले जातात. १९८० नंतरच्या दशकात रॉजर बार्न्स्ली हे मानसशास्त्रज्ञ सहकुटुंब एक सामना पाहायला गेले असता, खेळाडूंच्या छापील यादीतील जन्ममहिन्यांकडे त्यांच्या पत्नीचे लक्ष गेले. वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेल्यांची तेथे गर्दी होती, तर अखेरच्या महिन्यांतले थोडेच. १९८५ साली बार्न्स्ली यांनी यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. उलगडा साधा होता. जानेवारीत जन्मलेला मुलगा त्याच गटातल्या डिसेंबरच्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा. निवडणाऱ्यांना त्याची उंची आणि ताकद म्हणजेच गुण वाटतात. त्याला चांगला प्रशिक्षक आणि अधिक सराव मिळतो, आणि आरंभी केवळ वयाचा असलेला फरक पुढे खरोखरच कौशल्याचा होऊन बसतो.

अठरा वर्षांच्या आसपासच्या मुलांना अमेरिका-कॅनडातील व्यावसायिक संघ क्रमाक्रमाने निवडून घेतात. ते पारखीही चुकतात. १९९३ साली ओटावाच्या संघाने सर्वांत आधी उचललेला अलेक्झांडर डेग अपेक्षेस उतरला नाही. १९९९ साली २१० व्या क्रमांकावर निवडला गेलेला स्वीडनचा हेन्रिक झेटरबर्ग २००८ च्या अजिंक्यपदाच्या लढतींत सर्वोत्तम खेळाडू ठरला. एक-दोन उदाहरणांनी सिद्धांत होत नाही, हे खरे. पण रॉबर्ट डीनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० ते २००६ या काळातील निवडी तपासून २०१३ साली दाखवून दिले, की वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेले खेळाडू त्यांच्या योग्यतेच्या मानाने उशिरा निवडले जातात आणि पुढे अपेक्षेहून सरस ठरतात. मोठ्यांशी झुंजत टिकून राहिलेल्याच्या अंगी काही विशेष असते, ते पहिल्या दिवशी दिसत नाही.

कॅनडातल्या मुलाची तारीख निदान खरी असते. आपल्या १ जूनच्या मुलाच्या बाबतीत गुरुजींच्या नजरेखेरीज दुसरा आधार नसतो. भारतीय क्रिकेट नियामक मंडळ सोळा वर्षांखालील मुलांच्या मनगटाची क्ष-किरण तपासणी करून हाडांचे वय पाहते. जंगलातल्या शाळेला ती सोय कोठून असणार? शिवाय हाडांवरून वय कळेल, पण जिद्द कशी कळेल?

याचे एक उत्तर शेजारच्याच चंद्रपूर जिल्ह्याने दिले आहे. तेथील आश्रमशाळांच्या निवडक विद्यार्थ्यांचे प्रशिक्षण ऑगस्ट २०१७ पासून चालले होते: वर्धा, हैदराबाद, दार्जिलिंग, लेह. मे २०१८ मध्ये मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काटमोडे आणि विकास सोयाम हे पाच जण एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले. एका सकाळच्या शर्यतीवरून त्यांची पारख झाली नव्हती. महिनोन्‌महिने, थंडीत आणि उंचीवर, त्यांना पारखून घेतले गेले. पारख करायची तर वेळ द्यावा लागतो, हाच त्याचा अर्थ.

शहरातल्या मुलाला एका संघाने नाकारले तर दुसरे मैदान असते. जंगलातल्या मुलासाठी मात्र तो नकार बहुधा अखेरचाच ठरतो. तो धानाच्या बांधीकडे वळतो आणि पुन्हा कोणी घड्याळ घेऊन त्याच्यासमोर उभे राहत नाही. म्हणून माझे इतकेच मागणे आहे: पहिल्या आलेल्याला जरूर पाठवा, पण दुसऱ्याचे नाव खोडू नका. त्याची उंची आणि त्याची वेळ वहीत टिपून ठेवा. सहा महिन्यांनी पुन्हा धाववा, वर्षाने पुन्हा. कोण किती पुढे आहे यापेक्षा कोण किती वाढला, हे अधिक सांगून जाते.

आणि हे केवळ मैदानापुरते नाही. पहिलीच्या एकाच बाकावर बसलेल्या दोन लेकरांत अकरा महिन्यांचे अंतर असू शकते. सहा वर्षांच्या आयुष्यात ते थोडे नव्हे. शेजारच्या मुलाचे गुण सांगून आपल्या मुलाला खाली पाहायला लावण्याआधी आईबापांनी दोघांच्या जन्मतारखा एकदा शेजारी शेजारी मांडून पाहाव्यात. आपल्या घरी त्या खऱ्या लिहिलेल्या आहेत, हे आपले भाग्य.